गरम झालेली लस

रेन्सीने लसीची कुपी उजेडात धरली. लस उष्णतेने खराब झाली की गडद होणारा लेबलावरचा बारीक चौकोन गर्द जांभळा झाला होता. दुसरी कुपी तशीच. तिसरीही. डब्यातल्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं. पुलापाशी गाडी बंद पडली, तिथे चार तास उन्हात गेले. पुढची चढण तिने डबा पाठीला बांधून पायी काढली होती. एवढं करून हाती आली ती ही मेलेली लस.

समोर, गाव सभेला जमायचं त्या ढोलघराच्या अंगणात, अख्खं गोलो वेतोक गाव बसलं होतं. एकेचाळीस मुलं, त्यांच्या आया, कॉफीची तोडणी टाकून आलेले बाप.

चार वर्षांपूर्वी बाहेरचं एक पथक या टेकडीवर येऊन गेलं होतं. भराभर सुया टोचल्या आणि तासाभरात पसार. संध्याकाळी मुलं तापाने फणफणली. लस टोचली की अंग तापतं, हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि नंतर विचारपूस करायलाही कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून टेकडीने दारं लावून घेतली होती. खालच्या आरोग्य केंद्रात रेन्सी नर्स म्हणून आली, त्याला सात महिने झाले होते. दर आठवड्याला ती वर यायची, घरोघर बसायची, मिळेल तो उकडलेला कसाव्याचा कंद खायची आणि शिव्याही. पलीकडच्या टेकडीवर गोवराने दोन लेकरं गेली, तेव्हा कुठे गावचे म्हातारे प्रमुख तादेउस, ज्यांना सगळे मानाने 'आमे' म्हणत, म्हणाले, की आण तुझी सुई, बघू.

गावातलीच साबिना मुलांची वजनं करत होती. तिने कुपी पाहिली. चौकोनाचा अर्थ तिला कळत होता, रेन्सीनेच तो शिकवला होता.

"टोच गं," साबिना हळूच म्हणाली. "यातलं कोणाला काय कळतंय? मेलेल्या लसीने ताप तर येणार नाही. गाव खूश होईल. पुढच्या महिन्यात गाडी मिळाली की खरी दे."

साबिना खोटं बोलत नव्हती. ताप आला नसता. लोकांचा धीर चेपला असता. केंद्राच्या तक्त्यावर वर्षानुवर्षं कोरी राहिलेली गोलो वेतोकची ओळही भरली असती. आणि पुढचा महिना उजाडायच्या आत गोवर टेकडी चढून आला असता, तर ही एकेचाळीस लेकरं त्याला उघडीच सापडली असती.

रेन्सीने डबा बंद केला आणि ती उभी राहिली. उन्हाने लस खराब झाली आहे, तिचा काही उपयोग नाही, मी आज कोणालाच टोचणार नाही, असं तिने सांगून टाकलं. चूक तुमची नाही, आमची आहे, चांगली लस खाली केंद्रात आहे, ती पुढच्या महिन्यात घेऊन येईन, हेही सांगितलं. अंगणात चुळबुळ झाली. एक बाप म्हणाला, की दिवसाची तोडणी बुडाली. मागून कोणीतरी हसलं.

आमे तादेउस मात्र तिच्याकडे एकटक बघत होते.

"टोचली असतीस," त्यांनी विचारलं, "तर आम्हाला कळलं असतं?"

"नाही, आमे," रेन्सी म्हणाली. "कधीच कळलं नसतं."

हाताने खूण करून म्हाताऱ्याने सगळ्यांना घरी जायला सांगितलं आणि स्वतःही पाठ फिरवली. बघता बघता अंगण रिकामं झालं. सात महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असंच रेन्सीला वाटलं. उतरताना डबा चढणीपेक्षा जड लागला. केंद्रात पोचल्यावर तिने सगळ्या कुप्या वहीत 'निकामी' म्हणून लिहिल्या आणि खाली आपली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राचं फाटक उघडायच्या आधीच बाहेर गलका ऐकू आला. रेन्सी धावत गेली. टेकडीवरून चार तासांची उतरण उतरून गोलो वेतोक आलं होतं. मुलं पाठीवर, पाय धुळीने माखलेले. एकेचाळीसच्या एकेचाळीस, आणि वर शेजारच्या वाडीतली नऊ. केंद्रातला बर्फ टणक होता आणि लेबलावरचे चौकोन फिकट. रेन्सी टोचत होती, ताप येईल तर काय करायचं ते प्रत्येक आईला समजावत होती, आणि मध्येच डोळे बाहीला पुसत होती.

केंद्राचे मोठे डॉक्टर दारात थक्क होऊन उभे होते. चार वर्षांत त्यांनी या टेकडीवर पत्रं धाडली होती, भोंगा लावलेली गाडी फिरवली होती, एकदा तर पाद्रीबाबांनाही पाठवलं होतं. त्यांनी आमे तादेउसना खुर्ची दिली आणि विचारलं, की या पोरीने असं काय केलं, म्हणून तुम्ही सगळे आलात?

म्हाताऱ्याने मान ताठ केली.

"हिने आम्हाला न टोचता परत पाठवलं."