दुभाषी नको

२०२३ साल. नेदरलँड्समध्ये सून कीर्ती जिन्यावरून पडून वारली आणि पोलिसांनी तिच्या नवऱ्याला, तन्मयला धरलं. ती पडली त्या वेळी नेहमीचा रविवारचा व्हिडिओ कॉल चालू होता. इकडे चेन्नईजवळच्या आवडी गावात तन्मयची आई प्रमोदिनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून पोळ्या लाटत होती. म्हणून साक्षीला तिला बोलावणं आलं.

तिने डच शिकायचं ठरवलं. तिचे पती वसंतराव वैतागले. कोर्ट दुभाषी देतं, मग साठी उलटल्यावर हा उपद्व्याप कशाला?

"दुभाषी तिथल्या मराठी मंडळातलाच कुणीतरी असणार," प्रमोदिनी म्हणाली.

"मग बरंच की. आपलाच माणूस."

"मला माझ्या तोंडाने सांगायचंय."

आईचा जीव, असं समजून त्यांनी वाद सोडला.

चेन्नईत टी. नगरात हेमावती डच शिकवायची. घराणं तंजावरचं, पण नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीपायी अर्धं आयुष्य रॉटरडॅमला गेलेलं. वसंतराव स्वतः सोडायला जायचे आणि खाली कॉफी पीत थांबायचे.

हेमावतीने वाक्यरचनेपासून सुरुवात केली. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येऊन बसतं: काल गेले मी बाजाराला. प्रमोदिनी तिथे सारखी अडखळायची. पण 'कारण' किंवा 'की' लागलं, की मागून येणारं क्रियापद थेट शेवटी, आपल्यासारखंच. ते तिला पटकन जमलं. तशीच वाक्यं ती मागत राहिली. मी पाहिलं की. मी ऐकलं की.

"सरी, ठीक आहे, पण नातीला आधी 'जेवलीस का' विचाराल की नाही?" हेमावती हसली. तन्मयची मुलगी ऊर्मी तिकडे एका डच कुटुंबात ठेवलेली, मराठी विसरत चाललेली.

"तेही शिकवा," प्रमोदिनी म्हणाली.

घरी वसंतराव उजळणी घ्यायचे. अक्षर कळत नव्हतं, तरी मान डोलवायचे. एकदा त्यांनी विचारलं, निर्दोषला काय म्हणतात?

"तो शब्द अजून झाला नाही," ती म्हणाली आणि कुकर बघायला उठली.

कोर्टात ती दुभाष्याशिवाय बोलली. मागच्या बाकावर वसंतराव ताठ बसले होते. तन्मयने मान खाली घातली आणि तो रडू लागला, तसे त्यांचेही डोळे भरून आले. बाहेर आल्यावर त्यांनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

हेमावती आता मुलीकडे बंगळूरला असते. ऊर्मी त्याच डच घरात वाढते आहे. दर रविवारी आजी तिला डचमध्ये विचारते, जेवलीस का. तन्मयने त्या दिवसानंतर घरी फोन केला नाही. वसंतराव निकालाआधीच गेले. बायको पोरासाठी या वयात परकी भाषा शिकली, हे ते शेवटपर्यंत येईल त्याला सांगत होते. ती कोर्टात काय बोलली, ते त्यांनी कधी विचारलं नाही. तिचं वाक्य एकच होतं: मी पाहिलं की माझ्या मुलाने तिला ढकललं.