बाईंचा चष्मेवाला

"आता पिवळी अक्षरं काढायची," बाई कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाल्या. "चष्मेवाल्यांनी लिहिलंय, जांभळ्यावर पिवळं म्हणजे डोळ्यांना चिमटे."

पेंटर बाल्कनीतून आत आले. "हे मी तीन वर्षं सांगतोय."

"तुम्ही नुसतं 'भडक' म्हणता. ते कारण देतात."

बाई निवृत्त शिक्षिका. 'फळ्यामागे' नावाच्या ब्लॉगवर त्या मुलांच्या जुन्या सबबी आणि अचाट उत्तरं लिहीत. लिहीत झकास; पण पानाच्या कडेने फुलांची वेल, वरून गळणाऱ्या पाकळ्या, कोपऱ्यात घड्याळ, आणि पान उघडलं की बासरी. आलेला वाचक बासरी बंद करायची कळ शोधत शोधतच निघून जाई. दिवसाला नऊ जण यायचे. त्यांत चार वेळा बाई स्वतः असत.

पेंटर म्हणजे त्यांचे यजमान. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांचं अक्षर धावत्या बसमधून वाचता येई. शुद्धलेखन मात्र रामभरोसे. एकाच रस्त्यावर 'आशीर्वाद' नावाची तीन दुकानं त्यांच्या हातची होती आणि तिन्ही पाट्यांवर वेलांटी चुकलेली. बाई सहलीची रांग मुद्दाम त्या रस्त्याने नेत.

महिन्यापूर्वी ब्लॉगवर पहिला अभिप्राय आला. खाली सही: 'एक चष्मेवाला'. लेखन उत्तम, पण पान वाचवत नाही, असं त्याने अदबीने कळवलं होतं. बाईंनी तो तीन वेळा मोठ्याने वाचला. तिसऱ्या वेळी पेंटरांनी विचारलं, "पाठ करायचा आहे का?"

दुसऱ्या दिवशी बासरी गेली.

ती बासरी काढावी म्हणून पेंटरांनी विनवण्या केल्या होत्या, एकदा तर जेवण सोडलं होतं. बासरी हलली नव्हती. आता चष्मेवाल्याने दोन ओळी खरडल्या आणि ती मुकाट्याने गेली. पेंटरांच्या पोटात दुखू लागलं, ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं.

मग पाकळ्या गेल्या. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आली. अक्षर मोठं झालं, ओळी सुट्या झाल्या, लांबलचक परिच्छेदांचे तुकडे पडले. पाहुण्यांचा आकडा दोनशेवर गेला.

"एवढा हुशार आहे तर स्वतः का नाही लिहीत?" पेंटर म्हणाले.

"विनय असतो काही माणसांत," बाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी बाईंची धाकटी बहीण आलेली असतानाच नवा अभिप्राय आला. बहिणीने तो वाचून दाखवला: "आता पान कसं मोकळं झालं. मथळ्याखाली जरा जागा सोडा, अक्षराला श्वास घेऊ द्या. आपल्यासारख्यांचा आशिर्वाद असला की आम्हा वाचकांना आणखी काय हवं?"

बाई उठून बहिणीच्या खांद्यावरून पाहू लागल्या. एका जागी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांच्या गालात असं हसू आलं, की पेंटरांना ते आपल्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आठवेना.

"ताई, कोण गं हा?" बहीण म्हणाली. "भावोजींना चालतं हे?"

"त्यांना काय! ते कुठे वाचतात? ते फक्त रंगवतात."

पेंटरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि ते बाल्कनीत जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

त्या दिवसापासून बाईंना ऊत आला. भाजी निवडताना चष्मेवाले, कपडे वाळत घालताना चष्मेवाले. "किती मृदू लिहितात! घरी बायकोशीही असंच बोलत असतील, नाही?"

"घरी बोलू देत असेल तर," पेंटर पुटपुटले.

शुक्रवारी बाईंनी कळसच केला. ब्लॉगच्या माथ्यावर ओळ टाकली: 'हे पान ज्यांच्यामुळे वाचण्याजोगं झालं, त्या चष्मेवाल्यांना.' आणि खाली निमंत्रण: रविवारी चार वाजता चहाला या.

"अगं, अनोळखी माणसाला घरी बोलावतेस?"

"अनोळखी कसले? लिहिण्यावरून माणूस कळतो. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यात मी."

"पत्ता तरी कुठे दिलायस?"

"हुशार आहेत. शोधतील."

"आणि मी? चाळीस वर्षं गावाला वाचायला शिकवलं, माझं नाव कुठे आहे त्या पानावर?"

"तुम्ही काय केलंत त्या पानासाठी?"

पेंटरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि ते बाल्कनीत गेले.

शनिवारी पेंटरांनी चहा बाल्कनीतच घेतला. रविवारी दाढी केली नाही. निषेध म्हणून रंगाचे डाग पडलेला जुना सदरा घातला. बाईंनी मोत्याचे कानातले घातले, ठेवणीतला टेबलक्लॉथ काढला, आणि टेबलावर चांगल्या सेटमधले कप मांडले.

पेंटरांनी मोजले. दोन.

"म्हणजे मी नाहीच."

"पाहुणे एक, मी एक. हिशेब चुकला का?"

"मी कुठे बसायचं? बाल्कनीत?"

"तिथे करमतं की तुम्हाला."

"तो येणार नाही, लिहून ठेव. असली माणसं कागदावरच शूर."

"येतील."

चार वाजले. बेल वाजली नाही. चार वाजून पाच मिनिटं झाली. पेंटरांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज आलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

बाईंनी शांतपणे दोन्ही कपांत चहा ओतला. एक स्वतःपुढे ओढला, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

"बसा, चष्मेवाले," त्या म्हणाल्या. "आशीर्वादातली 'शी' दीर्घ असते, आणि चहा निवतोय."