प्लास्टरच्या आत

थोरलीला गुडघ्याखाली, नेमकी प्लास्टरच्या आत, अशी खाज सुटली होती की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलेली नणंद तिला हे दुःख तिच्याच वाट्याला का आलं ते समजावून सांगत होती.

"मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलं असणार, वहिनी. ते या पायावर निघालं. आता तू मोकळी झालीस."

मांडीपासून घोट्यापर्यंत जखडलेल्या थोरलीने 'मोकळी' हा शब्द निमूटपणे गिळला. माळ्यावरची बरणी काढताना स्टूल कलंडलं आणि पाय मोडला. मागच्या जन्मी स्टुलाचं आपण काय घोडं मारलं होतं, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण नणंद तिचंच करायला मुक्कामाला आली होती. आत काही घालून खाजवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्या हुकमावर नणंदेचा डोळ्यांत तेल घालून पहारा होता. सकाळीच तिने उशीखालची फूटपट्टी जप्त केली होती.

"सोस," ती म्हणाली होती. "सोसल्याने झिजतं."

दुपारी दीर आणि धाकटी जाऊ भेटायला आली. दोघी जावांचा वर्षभर अबोला होता, पडद्याच्या कापडावरून. कापड एव्हाना विटलं होतं, अबोला मात्र नवाकोरा होता. धाकटी दाराशी घुटमळली, मग पायगतीला त्याच स्टुलावर टेकली आणि पिशवीतून लोकर काढून मुकाट विणू लागली.

दीर निवृत्त झाल्यापासून जाडजूड पुस्तकं वाचत. बहिणीचं म्हणणं त्यांना अजिबात पटलं नाही.

"मागचा जन्म कशाला मध्ये आणतेस? दुखतं कुणाला, हा खरा प्रश्न. वहिनी, पाय तुमचा आहे, पण तुम्ही म्हणजे पाय नव्हे. तुम्ही नुसत्या पाहणाऱ्या. शांतपणे पाहत राहा."

थोरलीने पाहिलं. खाज आता जरा सरकून पोटरीवर आली होती.

"अरे, पण कारणाशिवाय कुणी पडतं का?" नणंद म्हणाली.

"पडणारा कोण, ते आधी ठरव."

"वहिनी पडली. मी स्वतः बघायला आले ना दवाखान्यात."

भावंडांची चांगलीच जुंपली. थोरलीने चादर मुठीत आवळली. इतका मोठा विषय चाललेला, त्यात दिरासमोर, माझी पोटरी खाजतेय हे सांगणार कसं?

तेवढ्यात धाकटीच्या सुया थांबल्या. चादरीबाहेर डोकावणारी थोरलीच्या पायाची बोटं आखडत होती, सुटत होती, पुन्हा आखडत होती. धाकटीने ती पाहिली. मग थोरलीकडे पाहिलं.

"खाजतंय?" तिने आवाज न करता नुसत्या ओठांनी विचारलं.

थोरलीने तोंड फिरवलं. मग सगळा ताठा गिळून तिने मान हलवली.

धाकटीने विणकामातून एक सुई सरळ उपसली. ओळभर टाके घरंगळले, तिकडे तिने पाहिलंही नाही. स्टूल पुढे ओढून तिने दोन्ही हात चादरीखाली घातले आणि सुई उलटी धरून घोट्याजवळच्या फटीतून हलकेच वर सरकवली.

नणंदेने भावाला कोपराने ढोसलं. "बघ, पाय धरले तिने. दुःख उगाच येत नाही, माणसं जवळ आणायला येतं."

"तू गप्प बस. वहिनींचा चेहरा बघ."

थोरलीचे डोळे मिटले होते. कपाळावरची आठी पुसली गेली होती, आणि गालावरून पाण्याची एक धार उशीवर उतरत होती. तिच्या तोंडावर असं समाधान त्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दीर बोलत आले होते, पण ऐकणारं माणूस त्यांना आज भेटलं होतं.

ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, आत पोचलं ना?"

"पोचलं, भाऊजी," थोरली डोळे न उघडता म्हणाली. "जरा डावीकडे."