टकळीचा शब्द

"थांबा!"

टकळी वॉकीटॉकीत ओरडली आणि क्रेन थांबली. लोखंडी सळ्यांची अख्खी मोळी पाचव्या मजल्याएवढ्या उंचीवर लटकत राहिली. बरोब्बर तिच्याखाली दोन गवंडी सिमेंट कालवत होते.

"आता काय झालं, बाई?" फोरमन धावत आला.

टकळीकडे सांगायला ढीगभर होतं. मोळीच्या पट्ट्यापाशी काहीतरी पांढरं हललं, पट्टा उसवला असेल, नाहीतर डोळ्यांवर ऊन आलं असेल, पण उसवलाच असेल तर? पण कामावर आल्या दिवशीच फोरमननं बजावलं होतं: वर बसलेल्या क्रेनवाल्या आबांना एका वेळी एकच शब्द. वर. खाली. डावीकडे. थांबा. "पुराण लावलंस, तर मोळी भिंतीत!" आणि हिनं तर जन्मात एका शब्दावर बोलणं संपवलं नव्हतं. उगाच का टकळी म्हणायचे!

"पट्टा," ती म्हणाली.

फोरमननं मान वर करून पाहिलं. "ठणठणीत आहे. 'वर' म्हण."

गवंड्यांना टकळीनं बाजूला व्हायचे हातवारे केले. ते नुसते हसले.

फोरमननं वॉकीटॉकी हिसकावला. "आबा, वर!"

क्रेन ढिम्म.

"अहो आबा!"

"जिनं थांबवलं, तीच हलवणार," आबांचा आवाज खरखरला. "नियम तुमचाच आहे, साहेब."

फोरमननं वॉकीटॉकी परत दिला. टकळीनं तो दोन्ही हातांनी धरला.

"उजवीकडे." मोळी मोकळ्या जागेवर सरकली. "खाली."

मोळी जमिनीला टेकली. फोरमननं पट्टा इंचाइंचानं चाचपला आणि दोन बोटांत एक पांढरी सुतळी वर धरली. "हे बघा! हिचं भूत!"

सगळे खो खो हसले. "उद्या कबुतर बसलं तरी कळव हं!" एक गवंडी ओरडला. टकळीचे कान लालबुंद झाले.

"बोला, राणीसरकार," फोरमन म्हणाला.

तिनं पट्टा पाहिला. हूक पाहिला. पुन्हा पट्टा पाहिला. वरून आबांनी घाई केली नाही.

"वर."

मोळी उचलली गेली. "डावीकडे." मोळी हळूहळू पुन्हा गवंड्यांच्या दिशेनं वळली. टकळी तिच्यावरून नजर काढेना, म्हणून तिला खालचं दिसलंच नाही. दोघा गवंड्यांनी घमेली उचलली आणि ते कुणी न सांगता, अजून हसत हसतच, लांब जाऊन उभे राहिले.