लाडावलेलं तण

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे महिना काढून सासूबाई परतल्या, त्या काठी टेकत थेट दोन इमारतींमधल्या आमच्या इवल्याशा परसात. थंडीची चाहूल लागताच त्यांनी आपल्या आईकडून आलेलं गाजराचं शेवटचं बी पेरून तण उपटायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी झालरीसारखी पानं गवत समजून इमानेइतबारे उपटली आणि रुंद पानं जिवापाड जपली. “अगं, हे तर सगळं तण!” मी माफी मागू लागले. त्या मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “इतकं लाडावलेलं तण जन्मात पाहिलं नाही!” मग हसू सरलं, पाणी तेवढं राहिलं. एवढ्यात त्यांची नजर थबकली. मी कंटाळून सोडलेल्या कोपऱ्यात एकच झालर डुलत होती. “हे खायचं नाही, फुलू द्यायचं, बी धरायचं.” बियांची रिकामी डबी त्यांनी माझ्या हातात ठेवली. “आळशी आहेस, तुझ्याकडे टिकेल.”