तुर्दालीच्या कढईला सील

"पुलाव माझा आहे, आपा. जंतू माझे नाहीत," प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेला तुर्दाली म्हणाला.

मार्गिलान शहरात लग्नाचा पुलाव म्हणजे तुर्दालीचाच. पण हुरियतच्या मुलाच्या लग्नानंतर बायकांकडच्या एका दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या चादरीभोवती, बसलेल्या पाहुण्या उलट्या-जुलाबांनी इस्पितळात गेल्या आणि सगळं या आचाऱ्यावर शेकलं. त्याच्या कढईला सील लागलं. दोष सिद्ध झाला तर परवाना कायमचा जाणार होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सालोमत आपांना त्याची कीव येत होती. पण कीव आली म्हणून कुणाला सोडायचं नाही, हा त्यांचा खाक्या. आजारी बायकांच्या नमुन्यांतून काचेच्या बशीत जंतूंचे काळे ठिपके उगवले होते. तेच ठिपके आणखी कुठे उगवतात, ते शोधायचं होतं; धडधाकट माणूसही नकळत जंतू बाळगून दुसऱ्यांना देऊ शकतो, म्हणून माणसंही तपासायची होती. मांस, कोशिंबीर, पाणी, तुर्दाली, त्याची माणसं, सगळं साफ निघालं.

"तुम्हीही त्याच दस्तरखानावर होतात ना?" मदतनीस दिलोरोम हसली. "पोट आहे की लोखंड?"

"सासूच्या स्वयंपाकावर जगलेय बाई मी."

आपा हुरियतच्या घरी गेल्या. तिनं चहा ओतला, पण नजर मिळवली नाही.

"आमच्या ताटांना कुणाकुणाचा हात लागला होता?"

"लग्नघर होतं, आपा. किती जणांचे हात सांगू? पाण्यावर ढकला आणि मिटवा."

"पाणी साफ आहे. मी मिटवलं की तुर्दाली घरी बसला. वाढायला तुझी नवी सून होती. तिला झाकतेस?"

हुरियतचे डोळे भरले. "घ्या तिचा नमुना. पण त्यापुढे शोधू नका, एवढं ऐका माझं."

सुनेचा नमुनाही साफ निघाला. आता तुलनेसाठी त्या दस्तरखानावरचं धडधाकट माणूस हवं होतं. तशा आपा एकट्याच होत्या. त्यांनी स्वतःचा नमुना दिला.

बशी तयार झाली तेव्हा दिलोरोमनं ती टेबलावर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बशीभर काळे ठिपके होते.

आपांनी बशीवरचं आपलं नाव पुन्हा वाचलं.

"आधी तुर्दालीचं सील काढायला सांग," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हुरियतला फोन लावला. "तुला ठाऊक होतं."

"मानाच्या पाहुणीच्या हातचा घास मिळावा म्हणून त्या सगळ्या तुमच्यापुढे तोंड उघडून बसल्या होत्या, आपा," हुरियत म्हणाली. "मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?"