मागं फिरलेलं जहाज

भुकेचा हिवाळा सरला तेव्हा व्हर्जिनियातल्या नव्या वसाहतीत मोजकेच इंग्रज उरले होते. गाव सोडून तेही मायदेशी निघाले. नवरा आणि दोन्ही मुलं तिथंच पुरून टॅम्सिनही जहाजात चढली. नदीच्या मुखाशी समोरून होडी आली. “मागं फिरा! तीन जहाजं भरून पीठ आणि माणसं येताहेत!” नावाडी ओरडला. लोकांनी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. टॅम्सिन कठडा धरून किंचाळली, “मला इथंच पाण्यात टाका, पण तिकडं परत नेऊ नका!” कप्तानानं जहाज वळवलं. दोन दिवसांनी नव्या जहाजातून गुबगुबीत गालांची एक नवी नवरी उतरली. “मावशी, आम्हाला कुठलं घर मिळेल हो?” तिनं टॅम्सिनला विचारलं. “आवडेल ते घे, पोरी. सगळी रिकामीच आहेत. नाहीतर माझंच घे, पाळणाही आहे. थंडीत सगळं जाळलं, तेवढा जाळवला नाही.”